खुंट्यावरचा दुसरा हात

माझ्या लेखणीकडे पाहून घरी येणाऱ्या पाहुण्यांना हसू येते. तिच्या मधल्या भागावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा घट्ट गुंडाळलेला आहे. त्यामुळे ती लेखणी न दिसता मक्याचे एखादे कोवळे कणीस दिसते. एका सद्गृहस्थांनी तर मोठ्या सहानुभूतीने मला विचारले, ‘गुरुजी, पेन मोडले आहे का? दुसरे आणून देऊ?’ मी त्यांना म्हटले, ‘पेन धड आहे. कुरकुरतो आहे तो अंगठा.’

पाहुणे जरा वेळ थांबले, की त्यांना हसण्याजोग्या आणखीही पुष्कळ गोष्टी आमच्या घरात दिसतात. दाराला वाटोळी मूठ नाही. तिच्या जागी आडवा दांडा आहे. न्हाणीघरातील तोटीला लांब कान आहे. उलथण्याच्या दांड्यावर चिंध्यांची जाड मूठ बांधलेली आहे. स्वयंपाकघरातील ओट्याजवळ एक उंच, चौपायी बैठक आहे. यांतील एकही वस्तू सुबक म्हणता येणार नाही. तरीही घर रंगवून घेताना मी रंगाऱ्याला दोनदा बजावले होते, की या वस्तूंपैकी एकही जागची हलता कामा नये. त्यांच्याकडे आदराने पाहायला मला माझ्या आईने शिकवले. आणि ती स्वतः हे शिकली, ते फार दुःखाने.

आमचे गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेडपासून चार कोसांवर, गोदावरीच्या काठी आहे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. काळीभोर जमीन, ज्वारी आणि कापूस ही पिके आणि पहाटे घरोघरी चालणारी जात्यांची घरघर, हे माझ्या बालपणीचे जग होते. पिठाची गिरणी गावात यायची होती. कोंबडा आरवण्यापूर्वी आई चिमणी पेटवून जात्याशी बसे. तिच्या समोर काकू बसे. मी आईच्या मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत ओव्या ऐकत असे. दोघींचे हात एकाच खुंट्यावर असत. एकीचा वर, दुसरीचा खाली. एक ओढी तेव्हा दुसरी लोटी, आणि तो अवजड दगड जणू आपल्याच आनंदाने फिरू लागे. काकू माहेरी गेली, की मात्र तेच जाते आईला दुप्पट जड होई. अशा वेळी ती म्हणे, ‘आज जनाबाईसारखा देव दळू लागायला यायला पाहिजे!’

संत जनाबाई या गंगाखेडच्या, असे परंपरा सांगते. पुढे त्या पंढरपुरास नामदेवांच्या घरी राहिल्या आणि तेथे साक्षात विठ्ठल त्यांना दळू लागत असे, ही कथा महाराष्ट्रातील लहान मुलासही ठाऊक आहे. आमच्याकडच्या स्त्रियांना ती परक्या संताची कथा वाटत नाही. शेजारच्या घरात काल घडलेली गोष्ट सांगावी, तितक्या सहजपणे त्या ती सांगतात. मीही ती शेकडो वेळा ऐकली होती. तिच्यातील मर्म मात्र मला वयाची चाळिशी जवळ येईपर्यंत उमगले नव्हते.

१९८४ सालच्या हिवाळ्यात आईचे दुखणे सुरू झाले. परभणीकडची थंडी कोरडी आणि बोचरी असते. आईची बोटे सकाळी वळेनाशी झाली, तेव्हा आम्ही सर्वांनी तो दोष थंडीवर आणि वयावर ढकलला. एरंडेल चोळले, विटेचा शेक दिला. थंडी गेली, परंतु बोटांची सूज गेली नाही. दोन्ही हातांची पेरे सारखीच सुजत. उठल्यावर तास-दीड तास तिला मूठ मिटता येत नसे. दुपारपर्यंत हात थोडे मोकळे होत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा लाकडासारखे ताठ होत.

सांधे दुखले, की आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणतो. वास्तविक ते एका रोगाचे नाव नव्हे. शंभराहून अधिक विकारांचे ते एक मोठे घराणे आहे. त्यांतील दोन विकार आपल्या परिचयाचे आहेत. पहिला झिजेचा. हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, तो खराब होऊन झिजत जातो आणि गुडघा, अंगठ्याचे मूळ, कंबर असे सांधे कुरकुरू लागतात. दुसरा अधिक कपटी. त्यात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच चुकून आपल्या सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. सांधे सुजतात आणि वेळीच औषध मिळाले नाही, तर कायमचे वाकडे होतात. आमवाताचे वर्णन सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या माधवनिदान या ग्रंथात आले आहे. त्यातील पुष्कळ लक्षणे या दुसऱ्या विकाराशी जुळतात. आज त्यावर परिणामकारक औषधे आहेत आणि ती लवकर सुरू केली, तर सांधे बहुधा वाचवता येतात. आईला आम्ही डॉक्टरांकडे नेले, ते दोन वर्षांनी. तोवर तिची बोटे करंगळीच्या बाजूस कलली होती. औषधाने वेदना कमी झाल्या. परंतु वाकलेले सांधे सरळ झाले नाहीत.

तेव्हा मी परभणीस एका शाळेत शिक्षक होतो. आईला मी शहरात आणले आणि मनाशी निश्चय केला, की तिला आता काडीचेही काम करू द्यायचे नाही. आयुष्यभर तिने कष्ट उपसले होते. कापूस वेचून तिची बोटे चिरली होती. घागरी वाहून मान वाकली होती. आता तिने केवळ बसावे आणि आम्ही तिची सेवा करावी, असे मला अगदी मनापासून वाटत होते. ती पाण्याचा तांब्या उचलू लागली, की मी धावत जाऊन तो काढून घेई. ती भाजी निवडू लागली, की माझी पत्नी सूप ओढून घेई. ‘माय, तू नुसती बस,’ हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहा वेळा उच्चारले जाई. शेजारी म्हणत, ‘मुलगा असावा तर असा!’ आणि मला त्याचा अभिमान वाटे.

आई मात्र दिवसेंदिवस अबोल होत गेली. ती ओव्या गुणगुणेनाशी झाली. जेवण अर्धे टाकून उठू लागली. मला वाटे, हा रोगाचाच परिणाम असावा.

एके रात्री भांड्याच्या आवाजाने मला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा लागला होता. आई खाली बसली होती. समोर परात, परातीत ज्वारीचे पीठ, आणि पिठावर चार तुकडे होऊन पडलेली भाकरी. तिच्या वाकड्या बोटांना पीठ चिकटले होते. मी घाबरून विचारले, ‘माय, काहून उठलीस एवढ्या रातचं? भूक लागली का?’ तिने मान हलवली. जरा वेळाने आपल्या हातांकडे पाहत ती म्हणाली, ‘भूक नाही, बाबा. मला हात हायेत का गेले, ते बघू लागले.’

मी खाली बसलो. काय बोलावे, ते मला सुचेना. रोगाने तिच्या बोटांतील बळ नेले होते. परंतु तिचे हात आम्ही नेले होते. तेही प्रेमाने, सेवा म्हणून. त्या रात्री मला प्रथमच कळले, की माणसाचे ओझे काढून घेणे आणि माणसाचे काम काढून घेणे या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे.

चूक कळली, तरी वाट सापडली नव्हती. ती दाखवली माझ्या भाचीने. ती मुंबईस व्यवसायोपचाराचे शिक्षण घेत होती. या शास्त्राचे नाव तेव्हा परभणीत फारसे कोणी ऐकलेले नव्हते. मीही त्याचा संबंध दुकानदारी-व्यापाराशी असावा, असे समजून चाललो होतो. १९८८ च्या दिवाळीत ती सुटीला आली, तेव्हा तिने मला त्याचा इतिहास सांगितला. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी निंबकर घराण्यात विवाह करून कमलाबाई निंबकर झाल्या. त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले, आणि तेथून ही विद्या भारतभर पसरली. ‘व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, मामा,’ भाची म्हणाली. ‘ज्या कामात माणसाचा जीव रमतो, ते त्याचे काम. ते त्याला पुन्हा करता यावे, म्हणून खटपट करायची. कधी हाताला शिकवायचे, कधी अवजार बदलायचे, कधी जागा बदलायची.’

आईला भेटलेल्या प्रत्येकाने आजवर एकच प्रश्न विचारला होता: ‘कुठे दुखते?’ भाचीने तिच्याजवळ बसून निराळाच प्रश्न विचारला, ‘आजी, तुला काय करावंसं वाटतं?’ आई कितीतरी वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, ‘भाकर.’

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराची कर्मशाळा झाली. सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूबा आल्या, शिंप्याकडून चिंध्या आल्या. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आमच्या गावाची म्हण थट्टेने सांगितली जाते; पण जे मिळेल त्यातून काम भागवण्याची हिकमत आमच्या लोकांच्या अंगी खरोखरच आहे. भाचीने उलथण्याच्या आणि चमच्याच्या दांड्यांवर चिंध्या गुंडाळून वर ट्यूब ओढली. मी विचारले, ‘मूठ जाड करून काय साधणार?’ ती म्हणाली, ‘मामा, एक बारीक काडी घट्ट धरून पाहा आणि मग मुसळ धरून पाहा.’ मी तसे केले आणि तिचे म्हणणे माझ्या ध्यानी आले. बारीक वस्तू धरताना बोटे पुरती वळवून आवळावी लागतात. चिमटीत थोडाच जोर लावला, तरी त्याच्या कित्येक पट दाब अंगठ्याच्या मुळाशी पडतो. जाड मुठीला हाताची अर्धवट मिटलेली पकडही पुरते, आणि रबर घर्षणामुळे निसटत नाही.

बाकीच्या युक्त्याही अशाच साध्या होत्या. तोटीला लांब कान बसवला, तेव्हा ती बोटांनी पिळण्याऐवजी मनगटाने ढकलता येऊ लागली. तरफेचा दांडा जितका लांब, तितका जोर कमी लागतो, हा नियम मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. माझ्या आईला तो उपयोगी पडेल, हे मला कधी सुचले नव्हते. पिशवी बोटांत लोंबकळवण्याऐवजी कोपरावर अडकवावी. तांब्या एका हाताने कडेला न धरता दोन्ही तळव्यांवर पेलावा. मोठा सांधा मोकळा असताना लहान सांध्याला राबवू नये. सुताराने उंच बैठक करून दिली, म्हणून जमिनीवर बसण्या-उठण्याचा गुडघ्यांवरील भार टळला. चोळीची गाठ आईला बांधता येत नसे. तेथे शिंप्याने एकमेकींना चिकटणाऱ्या दोन पट्ट्या शिवल्या. जॉर्ज द मेस्ट्रल नावाच्या एका स्विस अभियंत्याने, आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळे १९४१ साली निरखली, आणि त्यांतून त्याला या पट्टीची कल्पना सुचली. ही हकीगत ऐकून आईने तिचे नाव ‘गोखरूची पट्टी’ असे ठेवले.

परंतु पट्टीचे कौतुक करणारी आई जाड मुठीच्या उलथण्याला मात्र हात लावीना. ‘ही पांगळ्याची सोंगं मला नको,’ असे ती म्हणाली. त्या शब्दांत राग नव्हता, लाज होती. साधन हाती घेणे म्हणजे आपण हरलो, अशी जाहीर कबुली देणे, असे तिला वाटत होते.

भाचीने वाद घातला नाही. गावाहून आणलेले जाते आमच्या घरात कोपऱ्यात पडून होते. ते तिने पुसून पुढे ओढले, मूठभर हरभरे घेतले आणि म्हणाली, ‘आजी, डाळ भरडायची आहे. मला एकटीला जमत नाही. येतेस?’ आई तिच्यासमोर बसली. भाचीने खुंटा वरून धरला. आईने आपला वाकडा पंजा खाली नुसता टेकवला. जाते फिरू लागले. पाच-सहा फेरे झाले असतील. आईच्या ओठांतून ओवीचा सूर आपोआप निघाला. दोन वर्षांत प्रथमच.

जाते थांबल्यावर भाचीने विचारले, ‘आजी, आता दळलं कुणी? तू की मी?’

‘दोघींनी,’ आई म्हणाली.

‘मग जनाबाईला देव दळू लागायचा, तेव्हा दळण कुणाचं?’

‘अगं, जनाबाईचंच की! देव नुसता हात लावायचा.’

‘मग या उलथण्याच्या मुठीनं जरासा हात लावला, तर भाकर कुणाची होईल?’

आई तिच्याकडे पाहतच राहिली. मग मोठ्याने हसली आणि म्हणाली, ‘पोरी, मुंबईला जाऊन लई शहाणी झालीस!’

त्याच संध्याकाळी आईने भाकरी केली. पीठ उकळत्या पाण्यात उकडून घेतले, म्हणजे मळायला जोर कमी लागतो. ते तिने बोटांनी न मळता मनगटाच्या बाजूने दाबून मळले. भाकरी तळहाताने थापली. ती उंच बैठकीवर बसली होती आणि परात ओट्यावर होती. भाकरी वाटीएवढी लहान झाली आणि एका कडेला किंचित फाटली. परंतु तव्यावर टाकताच ती टम्म फुगली. आईने जाड मुठीच्या उलथण्याने ती उलटली आणि पहिला घास मला दिला. त्या घासाची चव मी विसरलेलो नाही. पुढे अकरा वर्षे, म्हणजे १९९९ साली ती जाईपर्यंत, दररोज निदान एक भाकरी ती स्वतः करीत असे. रोग बरा झाला नव्हता. औषधे चालूच होती. कारण साधन हे औषधाची जागा घेऊ शकत नाही. परंतु औषधाने जे दिले नव्हते, ते साधनाने तिला परत दिले. घरातील आपली जागा तिला पुन्हा सापडली.

या हकिगतीला एक दुसरी बाजू आहे. ती सांगताना आजही माझी मान खाली जाते. १९७९ साली माझ्या वर्गात एक मुलगा होता. सकाळच्या पहिल्या तासाला त्याचे अक्षर वेडेवाकडे येई आणि लिखाण अपुरे राही. मी त्याला आळशी समजलो. ‘हा धडा दहा वेळा लिहून आण,’ अशी शिक्षा मी त्याला एकदा नव्हे, अनेकदा केली. पुढल्या वर्षी त्याने शाळा सोडली. १९९१ साली पूर्णा जंक्शनच्या फलाटावर त्याचे वडील मला भेटले. ते रागावले नाहीत. उलट वाकून नमस्कार केला. बोलता बोलता म्हणाले, ‘गुरुजी, त्याची बोटं सकाळी वळतच नव्हती बघा. सांधेवात होता. आम्हाला तरी ते कुठं ठावं होतं! लिहिण्याचा धाक बसला अन् शाळा सुटली.’

संधिवात हा म्हाताऱ्यांचाच रोग, ही समजूत चुकीची आहे. सोळा वर्षांखालील मुलांनाही तो होतो. आईची सकाळची मूठ पाहिलेल्या मला त्या मुलाची सकाळ आता डोळ्यांपुढे दिसू लागली. जाड पेन्सिल आणि दहा मिनिटांचा अधिक वेळ. त्याला माझ्याकडून इतकेच हवे होते. आईच्या हातून मी खुंटा काढून घेतला होता. आणि या मुलाला जाते एकट्याने ओढत नाही, म्हणून मी शिक्षा केली होती. सेवानिवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलाच्या खणात जाड पेन्सिली असत. त्या घेणाऱ्या मुलाला मी कधी कारण विचारले नाही. परंतु ज्याला पहिली पेन्सिल द्यायला हवी होती, तो माझ्या वर्गात पुन्हा आला नाही.

इतके शिकल्यावर मी तरी शहाणा व्हायला हवा होता. पण अहंकार हा सांध्यांहून सावकाश झिजतो. साठी उलटल्यावर माझाच उजवा गुडघा दुखू लागला आणि चाळीस वर्षे खडू धरलेल्या अंगठ्याचे मूळ ठणकू लागले. डॉक्टरांनी काठी वापरा म्हणून सांगितले. काठी घेतलेला मी मला पाहवेना. पावसाळा नसताना मी छत्री घेऊन हिंडू लागलो. काठी नव्हे, छत्रीच आहे, असे लोकांना वाटावे म्हणून! एके दिवशी बाजारात छत्री घसरून मी पडलो आणि घरी येऊन आईच्या जात्याकडे पाहत बराच वेळ बसलो. दुसऱ्या दिवशी काठी आणली. तिचेही एक शास्त्र आहे. सरळ उभे राहून हात सैल सोडला, की मनगटाच्या वळीपर्यंत काठीची मूठ आली पाहिजे. टोकाला रबर हवे आणि ते गुळगुळीत झाले, की बदलले पाहिजे. आणि उजवा गुडघा दुखत असेल, तर काठी डाव्या हातात धरावी. चालताना दुखऱ्या पायाबरोबर समोरचा हात पुढे जातो आणि भार वाटला जातो. मी पहिले आठ दिवस ती चुकीच्या हातात धरून चालत होतो.

पुढे वाचनात आले, की या वाटेने चालणारा मी एकटा नव्हतो. फ्रान्सचा थोर चित्रकार रन्वार याची बोटे संधिवाताने आखडली होती. कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या हातात कुंचला अडकवून घेऊन तो चित्रे काढी. मोठे कापड रुळांवर गुंडाळून हवे तसे सरकवण्याची सोय त्याने करून घेतली होती. १९१९ साली मृत्यू येईपर्यंत त्याचे काम थांबले नाही. अमेरिकेतील सॅम फार्बर यांनी संधिवात झालेल्या आपल्या पत्नीला फळे सोलताना होणारा त्रास पाहिला आणि जाड, मऊ मुठीची स्वयंपाकाची अवजारे तयार करवून १९९० साली बाजारात आणली. ती निरोगी माणसांनाही इतकी सोयीची वाटली, की जगभर खपली. दुर्बळाच्या सोयीसाठी केलेली वस्तू सबळालाही सुखाची होते. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली. तेथे गृहविज्ञानाच्या शाखेत शेतकरी स्त्रियांचे कष्ट हलके करणाऱ्या अवजारांवर संशोधन झाले आहे. हे काम मी पाहिले, तेव्हा मला माझ्या आईच्या कापूस वेचणाऱ्या बोटांची आठवण झाली. शासनानेही गरजू वृद्धांना काठी, चालण्याचा आधार यांसारखी साधने देण्यासाठी २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली, आणि २०२४ साली महाराष्ट्रात अशा साधनांकरिता तीन हजार रुपये देण्याची योजना आली. परंतु योजनेतून मिळालेली काठीही कोपऱ्यातच पडून राहते, जोपर्यंत तिच्याविषयीची लाज मनातून गेलेली नसते. ती लाज घालवणे हे कोणत्याही कचेरीचे काम नाही. ते घरातल्या माणसांचे, शेजाऱ्यांचे आणि वर्गातल्या सोबत्यांचे काम आहे.

हे सर्व मी त्याच जाड लेखणीने लिहिले. मध्ये तीनदा थांबलो, अंगठा शेकला आणि पुन्हा लिहू लागलो. समोर आईचे जाते आहे. त्याच्या खुंट्याचे लाकूड दोन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झाले आहे. काल माझी नात त्याच्यापाशी बसून तो फिरवू पाहत होती. तिला तो जड जात होता. ‘आजोबा, मला फिरवून दाखवा ना!’ असे ती म्हणाली.

मी काठी बाजूला ठेवली, बैठक ओढली, वाकून खुंट्यावर नुसता एक हात ठेवला आणि म्हटले, ‘तू फिरव. मी हात लावतो.’